टूलचे वर्णन कोणी लिहावे : माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांस खुले पत्र

प्रति,
बँका, महामंडळे, विद्यापीठे आणि शासकीय खाती यांचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख

विषय : एआय एजंटसाठी लिहिल्या जाणाऱ्या टूल्सची वर्णने



एआय एजंट म्हणजे एक भाषा-मॉडेल आणि त्याच्या हाताशी दिलेली काही टूल्स. मॉडेल स्वतः डेटाबेस उघडत नाही, खात्यातून पैसे वळते करत नाही, दाखला काढत नाही. ते फक्त मजकूर लिहिते. अमुक टूल चालवायचे आहे आणि त्याला अमुक माहिती द्यायची आहे, हेही मजकुरातच लिहिते. तो मजकूर वाचून टूल प्रत्यक्ष चालवण्याचे काम भोवतालचा प्रोग्राम करतो आणि आलेले उत्तर पुन्हा मॉडेलपुढे ठेवतो. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ही सोय आपल्या एपीआयमध्ये आणली, पाठोपाठ इतरांनीही आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि एका संस्थेने लिहिलेले टूल दुसऱ्या कोणाच्याही एजंटला जोडणे सोपे झाले. टूल लिहिणारा आणि ते वापरणारा यांची एकमेकांशी ओळख असण्याचे आता कारण उरलेले नाही.

मॉडेलला टूल दिसते ते तीन गोष्टींच्या रूपात : नाव, साध्या भाषेतले वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची हे सांगणारा जेसन स्कीमा. आतला कोड त्याला दिसत नाही. डेटाबेसमधले कॉलम दिसत नाहीत, वेबसाइटवर लाल अक्षरांत झळकणारी सूचना दिसत नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ‘हे कुठे बघायचं हो?’ असे विचारण्याची सोय तर नाहीच. जे लिहिलेले नाही ते मॉडेल अंदाजाने भरते. तो अंदाज इतका सफाईदार असतो की चूक झाल्याचे समोरच्याच्या लगेच लक्षातही येत नाही. अँथ्रोपिकच्या तांत्रिक दस्तऐवजात टूल नीट वापरले जाण्यात सर्वांत मोठा वाटा सविस्तर वर्णनाचा असतो असे सांगितले आहे आणि दर टूलमागे किमान तीन-चार वाक्ये लिहावीत असा सल्ला दिला आहे. प्रत्यक्षात हे काम सहसा कोड पूर्ण झाल्यावर, कोड लिहिणाराच, एका ओळीत उरकून टाकतो.

हे पत्र अभियंत्यांना न लिहिता प्रमुखांना लिहिण्याचे कारण तेच आहे. वर्णनात जे असायला हवे त्यातले निम्म्याहून अधिक अभियंत्याला माहीत नसते. ते माहीत असते काउंटरवर बसणाऱ्याला. त्याला त्या कामासाठी बसवणे प्रमुखाच्याच हातात असते.

एक उदाहरण सविस्तर पाहणे बरे. जमिनीच्या नोंदी पाहण्यासाठी एखाद्या संस्थेने एजंटला टूल दिले आहे असे समजावे. टूल काल्पनिक आहे. नोंदी महाराष्ट्रातल्या, रोजच्या. टूलचे नाव ‘उतारा_आणा’ आणि वर्णन ‘सातबारा उतारा आणते’ एवढेच. पॅरामीटर तीन : जिल्हा, गाव, क्रमांक. तलाठी कार्यालयाची पायरी चढलेल्या कोणालाही यातल्या अडचणी दिसतील. पायरी न चढलेल्या अभियंत्याला दिसणार नाहीत.

पहिली अडचण निवडीची. ‘माझ्या वडिलांच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे?’ या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्यात नसते. सातबारा एका जमिनीचा असतो. एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी आठ-अ च्या उताऱ्यात एकत्र दिसतात. ‘बोजा उतरला का?’ हे पाहायचे तर सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना पाहावा लागतो, पण बोजा कधी आणि कशाने चढला हे फेरफारात सापडते. आणि नगर भूमापन झालेल्या भागातल्या घराचा प्रश्न असेल तर पाहायची ती मिळकत पत्रिका. ज्या मॉडेलपाशी ‘सातबारा उतारा आणते’ एवढेच वाक्य आहे, ते या चारही प्रश्नांसाठी तेच टूल चालवील. म्हणून वर्णनात टूल काय करते याच्याइतकीच, ते केव्हा वापरू नये आणि त्याऐवजी कोणते वापरावे ही ओळ महत्त्वाची. दोन टूल्स एकमेकांच्या जवळची असतील तर ही ओळ दोघांच्याही वर्णनात हवी. एकाच बाजूला लिहिली तर दुसऱ्या बाजूने आलेला चुकतोच.

दुसरी अडचण पॅरामीटरांची, आणि तपशिलांची खरी गर्दी इथेच आहे. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत आणि नावे पुन्हा पुन्हा येतात. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे. ‘गाव : मजकूर’ असा स्कीमा लिहिला की मॉडेल वापरकर्त्याने उच्चारलेले ‘वडगाव’ जसेच्या तसे पाठवते आणि टूल यादीतले पहिले वडगाव उचलते. इथे तालुका मागायला हवा, किंवा त्याहून बरे म्हणजे गावाचा कोड. कोड मागितला तर तो कुठून मिळवायचा हेही लिहावे लागते : ‘आधी गाव_शोधा चालवा, कोड अंदाजाने देऊ नका.’ हे शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ते वगळले तर मॉडेल सहा अंकांची एखादी खरीखुरी दिसणारी संख्या स्वतःच बनवून पाठवू शकते.

जिल्ह्याचे नावही वाटते तितके सरळ नाही. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. लोकांच्या कपाटातल्या खरेदीखतांवर जुनी नावे आहेत, नव्या उताऱ्यांवर नवी. टूल दोन्ही स्वीकारते का, हे वर्णनात हवे. जिल्हे छत्तीसच आहेत. त्यांची ठरलेली यादीच स्कीमामध्ये दिली तर मॉडेलला अंदाज करायला जागाच राहत नाही.

‘क्रमांक’ हा शब्द तर सर्वांत धोक्याचा. कोणता क्रमांक? १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली तिथे सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. वापरकर्त्याच्या हातातले आजोबांच्या काळचे खत सर्व्हे क्रमांक सांगते, चालू सातबारा गट क्रमांक. दोन्ही आकडेच, दोन्ही त्याच गावातले, आणि एकाच्या जागी दुसरा दिला तर एरर येत नाही : शेजारच्या शेताचा व्यवस्थित, पूर्ण भरलेला उतारा येतो. अशी चूक पकडायला मॉडेलपाशी काहीही साधन नसते. पॅरामीटरचे नावच ‘गट_क्रमांक’ ठेवावे आणि त्याच्या वर्णनात लिहावे की जुन्या दस्तातला सर्व्हे क्रमांक इथे चालत नाही. वापरकर्त्याने दिलेला क्रमांक कोणत्या प्रकारचा हे स्पष्ट नसेल तर त्याला विचारावे.

याच पॅरामीटरचा प्रकार अभियंता सहज ‘पूर्णांक’ असा लिहून जातो, कारण त्याच्या लेखी क्रमांक म्हणजे संख्या. पण गट ‘११२/२/अ’ असाही असतो. पूर्णांक मागितला की मॉडेल शिस्तीने ११२ पाठवते आणि पोटहिस्सा गळून पडतो. प्रकार मजकुराचा हवा, सोबत एक-दोन नमुने हवेत, आणि अंक देवनागरीत चालतात की इंग्रजीतच, हेही लिहायला हवे.

तिसरी अडचण उत्तराची. टूल काय घेते हे बहुतेक जण कसेबसे लिहितात. काय परत देते हे लिहिण्याचा कंटाळा करतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने असते. ‘०.४०.४७’ म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, सत्तेचाळीस चौरस मीटर. जवळजवळ बरोबर एक एकर. हे न सांगता नुसती ओळ परत दिली तर मॉडेल तिचे काय करील याचा भरवसा नाही. शिवाय लोक बोलतात गुंठ्यांत. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा साधारण १०१.१७ चौरस मीटर. दोन-चार गुंठ्यांत फरक जाणवत नाही, मोठ्या क्षेत्रात जाणवतो. त्यातून एकाच उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा आणि एकूण क्षेत्र वेगळे असते, आणि खातेदार अनेक असले तर प्रत्येकाच्या नावापुढचे क्षेत्र आणखी वेगळे. उत्तरात ‘क्षेत्र’ नावाचे एकच फील्ड ठेवणे म्हणजे चुकीला आमंत्रण. ‘एकूण_क्षेत्र_चौमी’, ‘पोटखराबा_चौमी’, ‘खातेदाराचे_क्षेत्र_चौमी’ अशी नावे लांब वाटतात, पण निम्मे वर्णन त्यांच्यातच होऊन जाते.

उत्तर न मिळण्याचेही प्रकार असतात. त्या गटाची नोंदच नाही. गावाचा कोड चुकीचा आहे. सर्व्हर बंद आहे. तिन्ही वेळा टूलने रिकामी यादी परत दिली तर मॉडेल तिन्ही वेळा वापरकर्त्याला सांगेल की अशी जमीन नाही. रात्री सर्व्हर बंद असताना एखाद्या शेतकऱ्याला ‘आपल्या नावावर जमीन आढळली नाही’ असे शांतपणे सांगणारा एजंट कोणत्याही संस्थेला परवडणारा नाही. एररचा संदेश हे वर्णनाचेच पुढचे पान समजावे. ‘एरर ४०४’ यातून मॉडेलला पुढचे पाऊल कळत नाही. ‘या गाव कोडमध्ये गट ११२ सापडला नाही, पोटहिस्से ११२/१, ११२/२/अ, ११२/२/ब उपलब्ध आहेत, वापरकर्त्याला कोणता ते विचारा’ यातून कळते.

एवढे सगळे ध्यानात घेऊन लिहिलेले वर्णन साधारण असे होईल :

‘दिलेल्या गावातील एका गटाचा किंवा पोटहिश्शाचा चालू सातबारा (गाव नमुना सात आणि बारा) आणते. विशिष्ट जमिनीचे खातेदार, क्षेत्र, इतर हक्क, बोजा किंवा पीक यांविषयी प्रश्न असेल तेव्हा वापरावे. एका व्यक्तीची गावातील सगळी जमीन हवी असल्यास खाते_उतारा_पाहा वापरावे. नगर भूमापन झालेल्या भागासाठी मिळकत_पत्रिका_पाहा वापरावे. गावाचा कोड माहीत नसल्यास आधी गाव_शोधा चालवावे. मिळणारा उतारा केवळ पाहण्यासाठी असतो, त्यावर डिजिटल सही नसते, तो शासकीय किंवा कायदेशीर कामासाठी चालत नाही. उताऱ्यावर प्रलंबित फेरफाराची नोंद असल्यास मालकीविषयी उत्तर देताना तिचा उल्लेख करावा.’

सात वाक्ये. यातले एकही कोड वाचून लिहिता आले नसते. प्रलंबित फेरफाराचे शेवटचे वाक्य तर अशाच माणसाला सुचेल ज्याने खरेदी झाल्यावर ‘अजून नाव का लागलं नाही?’ म्हणून विचारायला आलेल्यांना वर्षानुवर्षे उत्तरे दिली आहेत.

वर्णनाने सगळेच साधते असे मात्र नाही. जी चूक रचनेतच अशक्य करता येते ती न करण्याची विनंती वर्णनात लिहीत बसू नये. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६०च्या दशकात टोयोटाच्या कामातून हा विचार रूढ केला. पोका-योके या नावाने तो ओळखला जातो. सुटा भाग उलटा बसूच नये अशी खाच करावी, कामगाराला ‘लक्ष ठेवा’ म्हणत राहू नये. अँथ्रोपिकने डिसेंबर २०२४ मध्ये एजंट-रचनेवर जे लिहिले त्यात याचा अगदी ताजा दाखला आहे. प्रोग्रामच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या एजंटला फाइलचा पत्ता सापेक्ष पद्धतीने देण्याची मुभा होती. एजंट मूळ फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की पत्ते चुकत. टूलने मुळापासूनचा पूर्ण पत्ताच मागायला सुरुवात केली आणि ती चूक थांबली. गाव कोड मागणे किंवा जिल्ह्यांची ठरलेली यादी देणे हे त्याच जातीचे उपाय आहेत. वर्णन उरते ते ज्या गोष्टी स्कीमात बसत नाहीत त्यांच्यासाठी : हेतू, मर्यादा, अर्थ.

ज्या टूलने जगात काही बदलते त्याची गोष्ट वेगळी. सातबारा नुसता पाहणे फुकट. डिजिटल सहीचा उतारा काढला की पंधरा रुपये जातात. रक्कम किरकोळ आहे, पण उत्तर यायला उशीर झाला म्हणून मॉडेलने टूल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चालवले तर तितक्या वेळा जातात. बँकेच्या टूलमध्ये पंधराऐवजी पंधरा हजार असतील. अशा टूलच्या वर्णनात तीन गोष्टी नुसत्या सूचित करून भागत नाही, सरळ लिहाव्या लागतात : हे चालवल्याने काय बदलते, बदल मागे घेता येतो का, आणि तेच टूल पुन्हा चालवले तर तेच काम पुन्हा होते की नाही. एमसीपीमध्ये टूल फक्त वाचणारे आहे की बिघाड करू शकणारे, पुन्हा चालवणे निर्धोक आहे की नाही, हे सांगण्यासाठी ठरावीक खुणा दिलेल्या आहेत. त्या भराव्यात, पण त्यांवर विसंबू नये. टूल पुरवणारा विश्वासातला नसेल तर या खुणा खऱ्या धरू नयेत असे त्या प्रोटोकॉलमध्येच बजावलेले आहे. पैशाचा किंवा नोंदीचा बदल करण्यापूर्वी माणसाची संमती घेण्याचे काम प्रोग्रामने करावे. ‘कृपया आधी विचारा’ हे वर्णनातले वाक्य म्हणजे कुलूप नव्हे.

वर्णनाची दुसरी बाजू सुरक्षेची आहे. वर्णन मॉडेल वाचते, वापरकर्ता सहसा वाचत नाही. म्हणून वर्णन ही लपवाछपवीची जागाही ठरू शकते. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्सच्या संशोधकांनी दाखवून दिले की बेरीज करण्यासारख्या निरुपद्रवी टूलच्या वर्णनात ‘आधी अमुक फाइल वाचून तिचा मजकूर सोबत पाठवा’ असा हुकूम दडवला तर एजंट तो पाळू शकतो. संस्थेने बाहेरचे टूल जोडताना त्याचे वर्णन माणसाने पूर्ण वाचावे आणि नंतर ते परस्पर बदलणार नाही याची व्यवस्था करावी. स्वतःच्या वर्णनांतही ‘नेहमी हेच टूल आधी वापरा’ अशी ओढाताण करणारी भाषा टाळलेली बरी. प्रत्येक खात्याने तसे लिहिले तर एकाचाही उपयोग होणार नाही.

लांबीचा प्रश्न अभियंते हमखास काढतात, आणि तो रास्त आहे. जोडलेल्या टूल्सची वर्णने सर्वसाधारण रचनेत प्रत्येक वेळी मॉडेलपुढे जातात. त्यांचे टोकन, म्हणजे मजकुराचे तुकडे, मोजले जातात, त्यांचे पैसे पडतात, आणि मॉडेलचे लक्षही वाटले जाते. पण काटछाट करायची ती टूल्सच्या संख्येत करावी. संस्थेच्या एपीआयमध्ये साठ कॉल आहेत म्हणून साठ टूल्स देण्याची गरज नसते. ‘जिल्ह्यांची यादी’, ‘तालुक्यांची यादी’, ‘गावांची यादी’ या तीन कॉलांऐवजी नाव दिले की जिल्हा-तालुक्यासह जुळणारी गावे देणारे एकच ‘गाव_शोधा’ पुरते. उत्तरांची लांबीही आवरावी लागते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये केलेल्या, प्रोग्राममधले दोष दुरुस्त करणाऱ्या एसडब्ल्यूई-एजंटमध्ये फाइल एका वेळी शंभर ओळींच्या खिडकीतून दाखवली जाई, आणि शोधाचे निकाल पन्नासच्या वर गेले तर अधिक नेमका शोध घ्यायला सांगितले जाई. माणसाच्या पडद्यावर साडेतीनशे निकालांची यादी चालून जाते, कारण माणूस ती वाचतच नाही. मॉडेल वाचते.

भाषेविषयी थोडेसे. टूलचे आणि पॅरामीटरचे नाव बऱ्याच ठिकाणी रोमन अक्षरांतच द्यावे लागते. वर नावे देवनागरीत दिली आहेत ती वाचण्याच्या सोयीसाठी. वर्णन मराठीत लिहिले तरी आजच्या मोठ्या मॉडेल्सना ते समजते, फक्त टोकन इंग्रजीपेक्षा जास्त लागतात. व्यवहारी मार्ग असा की सांगाडा इंग्रजीत ठेवला तरी फेरफार, पोटखराबा, बोजा, आठ-अ हे शब्द जसेच्या तसे असू द्यावेत. वापरकर्ता तेच शब्द बोलणार आहे, आणि मॉडेलला त्याच्या प्रश्नाची टूलशी गाठ घालायची आहे.

वर्णन चांगले झाले की नाही हे वाचून ठरत नाही, चालवून ठरते. काउंटरवर खरोखर विचारले जाणारे वीस-तीस प्रश्न त्याच बोलीत लिहून घ्यावेत : ‘उतारा पाहिजे होता’, ‘सोसायटीचा बोजा निघाला का बघा’, ‘बहिणीचं नाव कमी झालंय का’. प्रत्येकाचे अपेक्षित टूल आणि अपेक्षित उत्तर जाणत्या माणसाकडून ठरवून घ्यावे, मग एजंटला ते प्रश्न द्यावेत आणि त्याने काय केले याची नोंद ओळीने वाचावी. चूक कुठे झाली त्यावरून दुरुस्तीची जागा कळते. टूलच चुकीचे निवडले असेल तर ‘केव्हा वापरावे’चा भाग कच्चा आहे, टूल बरोबर पण माहिती चुकीची दिली असेल तर पॅरामीटरचे वर्णन किंवा प्रकार, उत्तर बरोबर येऊनही एजंटने भलतेच सांगितले असेल तर परत येणाऱ्या फील्डांची नावे. अशी नोंद वाचताना अनपेक्षित गोष्टी दिसतात. अँथ्रोपिकला आपल्या वेब-शोधाच्या टूलमध्ये असे आढळले की मॉडेल शोधाच्या शब्दांना विनाकारण ‘२०२५’ जोडत आहे आणि त्यामुळे निकाल बिघडत आहेत. दुरुस्ती कोडमध्ये झाली नाही. वर्णन सुधारले आणि प्रकार थांबला.

वीस-तीस प्रश्नांपैकी काही बाजूला काढून ठेवावेत आणि वर्णन सुधारताना त्यांच्याकडे पाहू नये. नाहीतर वर्णन त्या ठरावीक प्रश्नांच्याच मापाचे शिवले जाते.

राहिला टूलच्या मालकीचा प्रश्न. नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका काढली. तिच्यात प्रत्येक कमांडचे नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाइली असे ठरलेले भाग होते. त्यांच्या जोडीला ज्ञात दोषांचा एक भाग असे, आणि शेवटी ती कमांड कोणाची, हे सांगणारी एक ओळ. दोषांचा भाग पुढच्या पुस्तिकांतही टिकला. एजंटच्या टूलला हे दोन्ही लागतात. दोष वर्णनात लिहावेत : अमुक तालुक्याच्या नोंदी अद्ययावत नसतात, अमुक वेळेत उत्तर उशिरा येते. संस्थेच्या प्रतिष्ठेपायी ते लपवले तर मॉडेल तीच जुनी नोंद पूर्ण आत्मविश्वासाने सांगते, आणि प्रतिष्ठा तेव्हा जाते.

मालकाचे नाव वर्णनात नको, मॉडेलला त्याचा उपयोग नाही. पण संस्थेच्या नोंदवहीत प्रत्येक टूलपुढे दोन नावे हवीत. एक कोड सांभाळणाऱ्याचे, दुसरे काम जाणणाऱ्याचे, म्हणजे तलाठी, शाखेतला जुना अधिकारी, परीक्षा विभागातला अधीक्षक. नियम बदलला, शुल्क बदलले, जिल्ह्याचे नाव बदलले की वर्णन बदलण्याची जबाबदारी काम जाणणाऱ्याची. त्याला त्यासाठी वेळ द्यावा, ते त्याच्या कामाच्या यादीत लिहावे, आणि कोडमधला कोणताही बदल त्याने वर्णन पुन्हा वाचल्याशिवाय एजंटपर्यंत जाऊ नये. बदललेले वर्णन कोडसारखेच आवृत्ती क्रमांकासह जपावे. एखाद्या मंगळवारी एजंट अचानक भलते उतारे देऊ लागला तर सोमवारी कोणते वाक्य बदलले होते, हे तिथेच सापडेल.